शुल्क वाढलं, भाव वाढला नाही : लातूरच्या सोयाबीनचं प्रकरण

१४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वाढवलं. कच्चं सोयाबीन तेल, कच्चं पामतेल आणि कच्चं सूर्यफूल तेल यांवर उपकर धरून ५.५ टक्के शुल्क होतं, ते २७.५ टक्के झालं. रिफाइंड तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेलं. मराठवाड्यात तेव्हा सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या, काढणी तोंडावर होती. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला होता. बातमी आली आणि लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, काही दिवस भाव उचललाही. मग नवा माल यायला लागला आणि भाव पुन्हा चार ते साडेचार हजारांच्या पट्ट्यात येऊन बसला. ओला माल त्याच्याही खाली गेला. ऐन हंगामात हमीभावाची पातळी मोंढ्याने पाहिलीच नाही.

शुल्कात २२ टक्क्यांची भर पडूनही असं का झालं? भाव पडला की बोट मुक्त व्यापार करारांकडे जातं, पण त्यांवरची आपल्याकडची चर्चा दोन वाक्यांत संपते. एक म्हणतं, करारांनी शेतकरी मारला. दुसरं म्हणतं, भाव जगाच्या बाजारात ठरतो, त्याला कोण काय करणार. लातूरचा हा हंगाम बारकाईने पाहिला तर दोन्ही वाक्यं अपुरी पडतात. पेपरात छापून येतो तो शुल्काचा आकडा. शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, लिहिला जाणारा भाव मात्र माल कोणत्या देशाचा मानायचा या कराराच्या पोटातल्या नियमाने, कच्च्या आणि रिफाइंड तेलाच्या शुल्कातल्या अंतराने आणि पेंडीला गिऱ्हाईक आहे की नाही याने ठरला.

एका पिकावर उभा असलेला मुलूख

महाराष्ट्रात सोयाबीनचा पेरा ५० लाख हेक्टरांच्या आसपास आहे आणि त्याचा मोठा भाग मराठवाड्यात आहे. लातूर जिल्ह्यात तर खरीप म्हणजे सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, असंच चित्र दिसतं. एके काळी इथल्या रानात भुईमूग होता, रब्बीला करडई आणि सूर्यफूल होतं. गावोगावी करडईचं तेल खाल्लं जायचं. सोयाबीन आलं ते शंभर-एकशेदहा दिवसांत हातात पैसा देणारं पीक म्हणून. दसरा-दिवाळीच्या तोंडावर रास घरात, मागे रान हरभऱ्याला मोकळं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ असे वाण दिले, ते इथल्या हलक्या-मध्यम जमिनीत आणि लहरी पावसात टिकले.

पिकामागोमाग धंदा उभा राहिला. आडती, गोदामं, वाहतूक, हमाल-मापाडी, सोयाबीन गाळून तेल आणि पेंड काढणारे सॉल्व्हंट प्लँट, रिफायनऱ्या. लातूरच्या मोंढ्याचा भाव धाराशिव, नांदेड, बीड, परभणीपर्यंत प्रमाण मानला जातो, कारण खरेदी करणारे प्लँट इथे आहेत. सकाळी माल घेऊन निघण्याआधी शेतकरी फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो 'प्लँटचा काय निघाला?' हाच. म्हणून परदेशाशी झालेल्या कराराचा परिणाम मराठवाड्यात कुठे मोजायचा असेल तर तो या प्लँटच्या खरेदी भावात मोजावा.

एका क्विंटलचा हिशेब

क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. उरलेली घट. शेंगदाणा किंवा करडई यांच्या पुढे सोयाबीनमधलं तेल फारच कमी. सोयाबीन तेलबियांमध्ये मोजलं जात असलं तरी प्लँटच्या मिळकतीत पेंडीचा वाटा तेलाइतका, कित्येकदा त्याहून मोठा असतो.

समजायला सोपे म्हणून गोल आकडे घेऊ. तेल किलोला १०० रुपये आणि पेंड ४० रुपये असेल, तर प्लँटच्या हाती क्विंटलमागे १,८०० अधिक ३,२००, म्हणजे ५,००० रुपये येतात. आता शुल्क वाढल्यामुळे तेल १२० झालं, तर ३६० रुपये वाढले. पण त्याच काळात पेंड ४० वरून ३२ वर घसरली, तर ६४० रुपये गेले. बेरीज ४,७२० वर आली. यातून गाळपाचा खर्च, वाहतूक, व्याज आणि प्लँटचा नफा काढून जे उरतं ते शेतकऱ्याचं. तेलावर शुल्क वाढलं आणि तरी सोयाबीनचा भाव उतरला, यात कुणाचा कट शोधायला नको. हिशेबच तसा आहे.

२०२४च्या हंगामात पेंड खरंच मंदीत होती. जगात सोयाबीनचं उत्पादन उच्चांकावर होतं, ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड स्वस्त होती. शिवाय देशातच एक नवा स्पर्धक उभा राहिला होता. मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवताना मागे प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे असे कारखाने झपाट्याने वाढले आणि कोंबडीखाद्य बनवणाऱ्यांना सोयाबीन पेंडीपेक्षा स्वस्त माल मिळाला. याचा परदेशी कराराशी काहीही संबंध नाही. लातूरच्या भावातली घसरण मात्र बऱ्याच अंशी इथून आली. करारांवर लिहिताना हा भाग गाळला तर लेखन प्रामाणिक राहत नाही.

करारांनी हात बांधले होते का

पामतेलाची गोष्ट आधी. १९८६ साली तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. तिथून आपली घसरण सुरू झाली आणि आज देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांशी मालाच्या व्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, म्हणजे पुष्कळ नंतर. त्या कराराने भारताने पामतेलावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवत कच्च्यासाठी ३७.५ आणि रिफाइंडसाठी ४५ टक्क्यांच्या मर्यादेत आणायचं कबूल केलं. सोयाबीन तेलावर जागतिक व्यापार संघटनेत भारताने स्वीकारलेली कमाल मर्यादा ४५ टक्के आहे.

आता हे आकडे प्रत्यक्ष शुल्काशेजारी ठेवून बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने कच्च्या तेलांवरचं मूळ सीमाशुल्क शून्यावर आणलं आणि जवळजवळ तीन वर्षं ते तसंच ठेवलं. करार ३७.५ टक्के घ्यायला परवानगी देत होता, आपण उपकरांपुरते साडेपाच टक्के घेत होतो. इथे कुणी हात बांधले नव्हते. महागाई रोखण्यासाठी दिल्लीत घेतलेला तो निर्णय होता.

त्याच सुमाराची आणखी दोन पावलं लातूरला आठवत असतील. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन अनेक बाजारांत दहा हजारांवर गेलं होतं. कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून सरकारने त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. डिसेंबरमध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवले. त्याआधी ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारत बँकॉकमध्ये आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडला, तेव्हा शेतकरी हिताचं कारण पुढे होतं आणि ते रास्तही होतं. पण करारात न जाता एकतर्फी शुल्क शून्य करता येतं, हे पुढच्या दोन वर्षांत दिसलं. आंदोलनाची सगळी ताकद करारांवर खर्च करणाऱ्या आपल्या नेत्यांनी साध्या सीमाशुल्क अधिसूचनांवर तितकं लक्ष दिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

नेपाळमार्गे आलेलं तेल

करार खरा चावला तो वेगळ्याच ठिकाणी.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार, म्हणजे साफ्टा, २००६ पासून लागू आहे. त्यात अविकसित देशांच्या जवळजवळ सगळ्या मालाला भारतात शुल्क लागत नाही. नेपाळशी भारताचा स्वतंत्र व्यापार करारही आहे. नेपाळात सोयाबीन पिकतं ते नावापुरतं. तरीही सप्टेंबर २०२४ नंतर नेपाळमधून भारतात येणाऱ्या रिफाइंड सोयाबीन तेलाचा ओघ इतका वाढला, की २०२४-२५ या वर्षात सोयाबीन तेल नेपाळच्या निर्यातीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

हे कसं चालतं? परदेशातलं कच्चं तेल कोलकाता-हल्दिया बंदरात उतरतं, भारताच्याच रस्त्याने आणि रेल्वेने नेपाळच्या तराईत जातं, बीरगंज-बिराटनगर भागातल्या कारखान्यांत रिफाइन होतं आणि सीमा ओलांडून परत येतं. नेपाळने कच्च्या तेलावर लावलेलं शुल्क भारतापेक्षा कमी असलं, की मधला फरक हाच नफा. भारताने शुल्क जितकं चढवलं तितका हा मार्ग जास्त परवडू लागला. उत्तर प्रदेश-बिहारच्या बाजारात असं तेल उतरलं, की इंदूरचा आणि लातूरचा माल तिकडे खपत नाही, आणि मग त्याचा भाव इथेच पडतो.

करारात यावर उपाय लिहिलेला आहे. माल त्या देशाचा ठरण्यासाठी किमान ३० टक्के मूल्यवर्धन तिथे व्हायला हवं आणि मालाचं चार अंकी शुल्क-शीर्षक, म्हणजे सीमाशुल्काच्या यादीतला त्याचा वर्ग, बदलायला हवं. कच्चं सोयाबीन तेल आणि रिफाइंड सोयाबीन तेल, दोन्ही १५०७ या एकाच शीर्षकाखाली येतात. शिवाय तेल नुसतं रिफाइन करून त्याच्या किमतीत ३० टक्के भर पडते, हे गाळपाच्या धंद्यातल्या माणसाला पटणं अवघड आहे. तेल उद्योगाच्या संघटनांनी केंद्राकडे हीच तक्रार वारंवार मांडली. सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या 'कॅरोटार' नियमांनुसार मूळ देशाच्या दाखल्यामागचे पुरावे मागण्याचा अधिकार आपल्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला आहे आणि आयातदाराने ते बाळगायचे आहेत.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. नव्वदीच्या शेवटी नेपाळमधून वनस्पती तुपाचा असाच लोंढा आला होता. २००२ साली भारत-नेपाळ कराराचं नूतनीकरण करताना त्यावर वर्षाला एक लाख टनांची मर्यादा घातली गेली. तांब्याच्या वस्तू, ॲक्रिलिक धागा आणि झिंक ऑक्साइडवरही मर्यादा आल्या. जानेवारी २०२० मध्ये रिफाइंड पामतेलाची आयात 'निर्बंधित', म्हणजे परवान्याशिवाय आणता न येणाऱ्या मालाच्या यादीत गेली, त्यामागेही शेजारी देशांमार्गे येणारा माल हे एक कारण होतं. वनस्पतीचं दार अरुंद झालं, पामतेलाचंही झालं, मग व्यापार सोयाबीन तेलाकडे वळला.

नेपाळच्या कारखान्यांतही मजूर आहेत, त्यांच्याही चुली त्यावर चालतात. समुद्र नसलेल्या, गरीब शेजाऱ्याला बाजार खुला ठेवणं मला योग्यच वाटतं. नेपाळच्या शेतकऱ्याचं आलं, वेलची, चहा बिनशुल्क यावा. परदेशी तेलाला नेपाळचा शिक्का मारून दिलेली सवलत मात्र नेपाळच्या शेतकऱ्यालाही काही देत नाही.

३० मे २०२५ आणि रोजगाराचं कोडं

पुढच्या पेरणीच्या तोंडावर सरकारने पुन्हा शुल्क बदललं. कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के, म्हणजे उपकरांसह २७.५ वरून १६.५ टक्के. रिफाइंडचं ३५.७५ तसंच ठेवलं. दोहोंतलं अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्के झालं.

तेल शुद्धीकरण उद्योगाने याचं स्वागत केलं आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर होतं. अंतर कमी असताना मलेशिया-इंडोनेशियातून तयार पामोलिन, म्हणजे रिफाइंड पामतेल, आणणंच परवडत होतं आणि भारतातल्या रिफायनऱ्या अर्ध्यामुर्ध्या चालत होत्या. अंतर वाढल्यावर कच्चं तेल आणून इथे रिफाइन करणं फायद्याचं झालं. देशातला रोजगार वाचला, असं म्हणता येतं.

पण तो रोजगार कुठला? आयात कच्चं तेल रिफाइन होतं ते कांडला, मुंद्रा, कृष्णपट्टणम, हल्दिया अशा बंदरांजवळ. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या लातूरला ते तेल आणणं परवडत नाही. लातूरचा प्लँट चालतो तो इथल्या बियाण्याच्या गाळपावर. कच्चं तेल स्वस्त झालं, की गाळपातून निघणाऱ्या तेलाचाही भाव उतरतो, गाळप कमी होतं, पाळ्या कमी होतात. एकाच अधिसूचनेने बंदरावरच्या कामगाराला काम मिळालं आणि मोंढ्यातल्या हमालाची हमाली घटली. देशाच्या एकूण रोजगाराच्या आकड्यात ही अदलाबदल दिसतसुद्धा नाही. म्हणून 'देशांतर्गत उद्योगाला संरक्षण' असं वाचलं, की कोणत्या जिल्ह्यातल्या उद्योगाला, हे विचारायला हवं.

लातूरची हमाली, तोलाई, गाडीभाडं ही सगळी पोत्यावर चालतात. भाव पडला, की शेतकरी माल घरात ठेवतो, आवक घटते आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्याचा दिवस बुडतो. शेतात तर भावाचा फटका आणखी थेट बसतो. कापणी आणि मळणीचा खर्च एकरावर ठरतो, भाव काहीही असो तो द्यावाच लागतो. चार हजारांनी विकणारा शेतकरी मग तेवढा पैसा पुढच्या हंगामातल्या निंदणीत, खुरपणीत वाचवतो. बायकांच्या रोजंदारीचे दिवस कमी होतात, तणनाशक वाढतं.

दुसरी बाजूही इथलीच आहे. बीडचं ऊसतोड कुटुंब किंवा लातूर शहरातला बांधकाम मजूर आठवड्याला तेलाची पिशवी विकत घेतो. शुल्क वाढलं की त्याच्या बाजाराच्या खर्चात वीस-तीस रुपयांची भर पडते. त्यामुळे 'शुल्क शंभर टक्के करा' ही घोषणा मला पटत नाही. पण स्वस्त तेलाचा सगळा भार कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोत्यावर टाकणं अन्यायाचं आहे. तो सरकारी तिजोरीने उचलावा.

निर्यात : जिथे शुल्क अडथळाच नाही

मराठवाड्याच्या सोयाबीनची खरी निर्यात म्हणजे पेंड. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, म्हणून आपली पेंड नैसर्गिक वाणांची. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका यांचा बहुतेक माल तसा नाही. युरोपात आपल्या पेंडीला यासाठी जादा भाव देणारे ग्राहक आहेत. बांगलादेश, नेपाळ, व्हिएतनाम हे जवळचे ग्राहक भाव पाहून घेतात.

करारांकडून या मालाला काय मिळेल? युरोपीय संघात सोयाबीन पेंडीवर आयात शुल्क मुळातच शून्य आहे. शून्याच्या खाली सवलत देता येत नाही. तिथे माल अडतो तो कीडनाशकांच्या अंशांवर, शेतापर्यंतचा माग दाखवण्यावर आणि जंगलतोडीशी संबंध नसल्याच्या पुराव्यावर. जवळच्या देशांत अडतो तो किमतीवर, आणि किंमत एकरी उताऱ्यावर अवलंबून असते. ब्राझीलमध्ये हेक्टरी तीन टनांहून जास्त सोयाबीन निघतं, आपल्याकडे एक टनाच्या आसपास.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या वाहन सुट्या भागांच्या कारखान्यांचं गणित वेगळं आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारासारख्या दस्तऐवजातून त्यांना प्रत्यक्ष शुल्कसवलत मिळू शकते. एकाच विभागात छत्रपती संभाजीनगर कराराकडे संधी म्हणून बघतं आणि लातूर धास्तीने, हे स्वाभाविक आहे. अमेरिकेशी २०२५ मध्ये चाललेल्या वाटाघाटींत मका आणि सोयाबीन हेही अडचणीचे विषय होते. त्यात जनुकीय बदल केलेल्या बियाण्याला किंवा पेंडीला कायमची वाट मिळाली, तर 'बिगर-जीएम' ही आपली एकमेव वेगळी ओळख धोक्यात येईल. माल एकदा गोदामात मिसळला, की युरोपच्या ग्राहकाला खात्री देता येत नाही.

काय करता आलं असतं

२०२४ मध्ये शुल्कवाढीबरोबर त्याच दिवशी नेपाळमार्गाची मर्यादा यायला हवी होती. २००२ चा नमुना समोर होता. पेंडीच्या निर्यातीला वाहतूक अनुदान देता आलं असतं, कारण बाजार तिथे तुंबला होता. हमीभाव खरेदीत ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के केली ती नोव्हेंबरमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. तोवर 'मामा, मॉइश्चर अठरा लागलंय, केंद्रावर घेणार नाहीत' हे ऐकून कित्येकांनी दिवाळीआधीच मोंढ्यात माल सोडून दिला होता. लहान शेतकऱ्याला वाळवायला जागा नसते आणि थांबायला पैसा नसतो. उधारी कृषी सेवा केंद्राची असते आणि ती दिवाळीपर्यंतच थांबते.

२०२५ च्या खरिपासाठी हमीभाव ५,३२८ झाला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं उभं सोयाबीन पाण्यात गेलं, वाचलेलं डागी निघालं आणि बाजार पुन्हा हमीभावाच्या बराच खाली उघडला. मध्य प्रदेशाने त्या हंगामात सोयाबीनसाठी भावांतर योजना लावली. शेतकऱ्याने बाजारात विकायचं आणि हमीभाव व बाजारभाव यांतला फरक सरकारने खात्यात भरायचा. महाराष्ट्राने केंद्रांवरच्या खरेदीची वाट धरली. आयात स्वस्त ठेवायची असेल तर भावांतर मला जास्त न्याय्य वाटतं, कारण त्यात स्वस्त तेलाची किंमत सरकारच्या अंदाजपत्रकात दिसते. भावांतरात व्यापारी भाव पाडतात ही मध्य प्रदेशात २०१७ साली आलेली तक्रार खोटी नव्हती. म्हणून फरक काढताना आजूबाजूच्या अनेक बाजारांची सरासरी धरावी आणि तीत लातूरच्या प्लँटचा रोजचा भाव असावा.

नेपाळशी असलेला व्यापार करार सात वर्षांच्या मुदतीचा आहे आणि आक्षेप न घेतल्यास आपोआप पुढे चालतो. तेलासाठी वार्षिक मर्यादा मागायची तर लातूरची बाजार समिती, प्लँटमालक आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी मिळून वाणिज्य मंत्रालयाकडे आकड्यांसह निवेदन द्यायला हवं : कोणत्या महिन्यात किती तेल आलं, त्या महिन्यात लातूरच्या प्लँटने किती गाळप केलं, मोंढ्याचा भाव काय होता. यातले शेवटचे दोन आकडे लातूरकडेच आहेत.